जुन्या रिव्हॉल्व्हरचे ग्रिप ॲडॉप्टर आणि मुठीच्या पट्ट्या: काळ कसा ठरवायचा?

ओहायोकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथल्या एस्टेट सेलमधल्या (घरातलं जुनं सामान विकतात तो) एका डब्यात चार वस्तू आहेत. सोबतच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलंय: "सगळं १९३० च्या दशकातलं, एकाच स्मिथ अँड वेसनचं." रिव्हॉल्व्हर मात्र डब्यात नाही.

(अ) ट्रिगर गार्डच्या (चापाभोवतीच्या कडीच्या) मागच्या पोकळीत बसणारा काळा रबरी ॲडॉप्टर, त्याला धातूच्या दोन पकडपट्ट्या. खोक्यावर पॅकमायर गन वर्क्स, लॉस एंजेलिस. पत्त्याच्या शेवटावर एक चिकटपट्टी आहे.
(ब) तसाच, पण ॲल्युमिनियमचा ओतीव ॲडॉप्टर. खोकं नाही.
(क) मुठीच्या दोन बाजूंच्या अक्रोडाच्या पट्ट्या, त्यांवर चेकरिंग (जाळीदार कोरीव रेषा), स्क्रूभोवती हिऱ्याच्या आकाराचा न कोरलेला भाग, वर छोटी रुपेरी पदकं (गोल धातूची चिन्हं). उजव्या पट्टीच्या आत काहीतरी शिक्का दिसतो.
(ड) पिवळट पांढऱ्या गुळगुळीत पट्ट्या. चिठ्ठीत "हस्तिदंत".

चिठ्ठीवर कितपत विश्वास ठेवावा?

कानस

चिठ्ठी बाजूला ठेवा. "एकाच बंदुकीचं" हे वाक्य असल्या डब्यांत मीठ घालावं तसं घातलेलं असतं. प्रत्येक वस्तूला दोन टोकं शोधायची: याच्या आधी ती असूच शकत नाही असं वर्ष, आणि याच्या नंतरची असण्याची शक्यता नाही असं वर्ष. खोक्याचं वर्ष खोक्याचंच, पट्टीचं पट्टीचंच. एकाचा दाखला दुसऱ्याला चालत नाही.

ही वस्तू होती कशासाठी, ते आधी सांगतो, कारण ओळख त्यातूनच पटते. स्मिथच्या जुन्या पट्ट्या बारीक आणि मुठीपुरत्याच असत. ट्रिगर गार्डच्या मागे, मुठीच्या पुढच्या कडेला पोकळी राही. गोळी सुटली की गार्ड मधल्या बोटाच्या पेरावर आदळे आणि हात दर वेळी थोडा वर सरके. ॲडॉप्टर ती पोकळी भरून हात खाली, एका जागी ठेवतो. १९३५ च्या .३५७ मॅग्नमबरोबर आलेल्या मॅग्ना पट्ट्यांनी मुठीचा वरचा-मागचा भाग भरला, पण गार्डमागची पोकळी तशीच राहिली. त्यामुळे मॅग्ना आल्यावरही ॲडॉप्टरचा धंदा पुढे कित्येक दशकं चालला. ॲडॉप्टर आहे म्हणजे पट्ट्या मॅग्नाच्या आधीच्या, हा तर्क म्हणूनच चुकीचा.

कधी बसवलेल्या पट्ट्या काढाव्या लागल्या तर क्रम असा:

१. सिलेंडर उघडा, सगळी घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा.
२. स्क्रूच्या खाचेत रुंदीला आणि जाडीला अचूक बसणारा, पात्याच्या दोन्ही बाजू समांतर घासलेला स्क्रूड्रायव्हर घ्या. घरातला पाचरीसारखा निमुळता स्क्रूड्रायव्हर खाचेच्या कडा फोडतो. फुटलेली खाच आयुष्यभर दिसते.
३. स्क्रू पूर्ण काढू नका. तीन-चार आटे सैल करून स्क्रूच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने हलकेच ठोका. पलीकडची पट्टी आपोआप उचलते.
४. कडेत चाकू किंवा नख घालून उचकटायचं नाही. खालच्या कोपऱ्याचा टवका याच एका चुकीने उडतो.
५. आतली बाजू पुसू नका. आकडा पेन्सिलीचा असेल तर एका तेलकट बोळ्यात तो कायमचा जातो. टॉर्च आडवी धरून फोटो काढा.

मोरचूद

(अ) च्या खोक्याबद्दल. ती चिकटपट्टी ओढू नका! खरी तारीख तिच्याखाली असण्याची दाट शक्यता आहे.

अमेरिकेत मोठ्या शहरांना टपालाचे विभाग क्रमांक १९४३ मध्ये मिळाले. तेव्हा पत्ता "लॉस एंजेलिस १५, कॅलिफ." असा छापत. पाच आकडी झिप कोड १ जुलै १९६३ ला आला आणि त्याच वर्षी राज्यांची दोन अक्षरी लघुरूपं. पॅकमायरचा जुना पत्ता साउथ ग्रँड अव्हेन्यू, लॉस एंजेलिस १५. पुढे तोच ९००१५. जुना विभाग क्रमांक झिपच्या शेवटी तसाच दिसतो.

तर शहरानंतर आकडाच नसेल तर १९४३ च्या आधीचं असू शकतं (खात्री नाही, काही छापखाने आकडा गाळत). एक-दोन आकडी क्रमांक असेल तर १९४३ ते १९६३. झिप असेल तर १९६३ नंतर. चिकटपट्टीवर झिप आणि खाली विभाग क्रमांक असेल तर जुनी छापील खोकी संपवत असतानाचा, १९६३ नंतर लगेचचा माल. बारकोड दिसला तर १९७४ च्या आधीचा प्रश्नच नाही. वर्तुळातला आर हे चिन्ह १९४६ च्या ट्रेडमार्क कायद्याने आणलं आणि तो १९४७ च्या जुलैत लागू झाला, म्हणून १९३० च्या दशकातल्या म्हणवल्या जाणाऱ्या खोक्यावर ते असेल तर प्रश्न मिटला.

चिकटपट्टी काढायचीच झाली तर हेअर ड्रायरची कमी ऊब, आणि पातळ प्लास्टिकची पट्टी आडवी सरकवत. पाणी, थिनर, पेट्रोल काही नको. त्याआधी खोक्यामागून तेज प्रकाश टाकून बघा, बऱ्याचदा न काढताही वाचता येतं.

दुसरी गोष्ट याहून कामाची. खोक्यावर किंवा आतल्या कागदावर "कुठल्या रिव्हॉल्व्हरना बसतो" अशी यादी असते का? तीच कुंडली.

- डिटेक्टिव्ह स्पेशल, ऑफिशियल पोलीस (कोल्ट): १९२७ पासून
- .३५७ मॅग्नम: १९३५ पासून
- चीफ्स स्पेशल (स्मिथ, जे फ्रेम म्हणजे लहान सांगाडा) आणि कोल्ट कोब्रा: १९५०
- कोल्ट ट्रूपर: १९५३
- कोल्ट पायथन, स्मिथ कॉम्बॅट मॅग्नम: १९५५
- नावांऐवजी "मॉडेल ३६", "मॉडेल १०" असे आकडे: १९५७ नंतर, कारण स्मिथने मॉडेल क्रमांक त्याच वर्षी सुरू केले
- मॉडेल ६०, स्टेनलेस: १९६५

यादीतलं सगळ्यात नवं नाव म्हणजे खालचं टोक. यादीत काय *नाही* त्यावरून वरचं टोक मिळतं, पण ते कच्चं. कागद छापायला पैसे लागतात, दुकानदार जुनाच वापरतो.

पुणेरी_पाना

एवढं कशाला? पेटंट क्रमांक बघा की. क्रमांक २१,००,००० च्या आसपास असेल तर १९३७. विषय संपला.

मोरचूद

@पुणेरी_पाना, विषय तिथे सुरू होतो. २१ लाखावा क्रमांक १९३७ च्या शेवटाचा हे बरोबर. पण पेटंट तेव्हा १७ वर्षं चाले आणि साच्यात कोरलेला क्रमांक त्यानंतरही कोणी खोडत बसत नसे. पेटंट फक्त "याच्या आधीचं नाही" एवढं सांगतं. "पेटंट पेंडिंग" छापलेलं असेल तर काळ बहुधा मंजुरीच्या आधीच्या दोन-तीन वर्षांचा. साचा बदलला नसेल तर तेही फसवं.

उपयोगी पडेल म्हणून त्या त्या वर्षीचा पहिला क्रमांक देतो: १९३० ला १७,४२,१८१, १९३५ ला १९,८५,८७८, १९४० ला २१,८५,१७०, १९४५ ला २३,६६,१५४, १९५० ला २४,९२,९४४, १९५५ ला २६,९८,४३४, १९६० ला २९,१९,४४३, १९६५ ला ३१,६३,८६५. क्रमांकाआधी "डिझाइन" किंवा "डी" असेल तर ही यादी लावू नका, त्यांची मोजणी वेगळी. क्रमांक नसून नुसती तारीख असेल तर शोध बहुतेक १९२७ च्या आधीचा, कारण क्रमांक छापायचा नियम त्या वर्षी झाला. स्मिथच्या रेग्युलेशन पोलीस मॉडेलच्या लाकडी पट्ट्यांत "५ जून १९१७" असते, ती याच जातीची. ती तारीख बघून पट्टी १९१७ ची म्हणणारे महाभाग दर महिन्याला एक तरी भेटतात.

पुणेरी_पाना

बरं बाबा, पाना खाली ठेवला.

अक्रोड

(क) बद्दल. स्मिथच्या लाकडी पट्ट्यांचा क्रम साधारण असा, एक-दोन वर्षांची ये-जा धरून:

साधारण १९१० ते १९२० सोनेरी पदक. त्यातली आधीची वाटीसारखी खोलगट, शेवटची दोन-तीन वर्षं लाकडाच्या पातळीत. १९२० ते १९२९ पदकच नाही, आणि पट्टीचं वरचं टोक फुगीर गोलाई घेतलेलं. याच काळात फसगत होते: पदक नाही म्हणून लोक नकली समजून टाकून देतात. १९२९-३० पासून छोटं रुपेरी पदक. महायुद्धात व्हिक्टरी मॉडेलला (लष्करासाठीच्या युद्धकालीन .३८ ला) गुळगुळीत, बिनपदकाचं अक्रोड, चेकरिंग नाही. युद्धानंतर पदक आणि चेकरिंग परत, आणि मॅग्ना आकार नेहमीचा झाला.

स्क्रूभोवतीचा हिरा १९६८ च्या सुमारास गेला. म्हणजे तुमच्या पट्ट्या त्याआधीच्या. आता वरचा खांदा बघा. फ्रेमला टेकणाऱ्या वरच्या भागाची कड धारदार, पायरीसारखी असेल तर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची. कड मऊ उतरती असेल तर त्यानंतरची. बोटाने कळतं, फोटोत कळत नाही, म्हणून कडेवर आडवा प्रकाश टाकून फोटो टाका.

आणि मुख्य म्हणजे उजव्या पट्टीच्या आतला आकडा. तो मूळ रिव्हॉल्व्हरचा अनुक्रमांक. युद्धाआधी पेन्सिलीने किंवा शिक्क्याने, नंतर बराच काळ शिक्क्याने. डाव्या पट्टीत आकडा शोधत बसू नका. स्मिथचं .३८ मिलिटरी अँड पोलीस मॉडेल असेल तर आकड्याआधीचं अक्षर वाचा: व्ही म्हणजे युद्धकाळ, एस म्हणजे युद्ध संपल्यापासून १९४८ पर्यंत, सी म्हणजे १९४८ पासून १९६७ पर्यंत. के असेल तर ती टार्गेट साइटवाली (नेमबाजीसाठी जुळवता येणाऱ्या नेमदर्शकाची) के फ्रेम, म्हणजे मध्यम सांगाडा, १९४६-४७ नंतरची.

एक धोका. डाव्या-उजव्या पट्ट्या वेगवेगळ्या जोड्यांतल्या असतात. दोन्हींच्या चेकरिंगच्या ओळी एका सेंटिमीटरात मोजा, हिऱ्याची लांबी कॅलिपरने घ्या, लाकडाचा रंग आतून ताडून पाहा (बाहेरचा रंग हाताच्या घामाने बदलतो, आतला नाही). तीनपैकी दोन जुळत नसतील तर जोडी लावलेली आहे.

कापूरताई

(ड) हस्तिदंत आहे की नाही ते भिंगाने दोन मिनिटांत कळतं, पण तापवलेली सुई लावायचा सल्ला कोणी दिला तर त्याला धाग्याबाहेर काढा. पट्टी सेल्युलॉइडची (जुन्या काळच्या प्लास्टिकची) निघाली तर ती पेटते, आणि सेल्युलॉइड कसं पेटतं हे स्वयंपाकघरात बघायची गोष्ट नाही.

आधी पट्टीचं खालचं टोक, जिथे दात आडवा कापलेला असेल, ते १० पट भिंगाखाली धरा. हत्तीच्या दातात एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. बाहेरच्या कडेजवळच्या रेषांतला कोन हत्तीत ११५ अंशांहून मोठा, मॅमथमध्ये ९० हून लहान. हाडात जाळी नाही, बारीक काळपट ठिपके आणि रेघोट्या दिसतात. त्या जुन्या रक्तनलिका. अगदी समांतर, एकसारख्या, मोजून मारल्यासारख्या रेषा असतील तर तो हस्तिदंताची नक्कल करणारा सेल्युलॉइड. काहीच दिसत नसेल तर नंतरचं प्लास्टिक. त्याची आतली बाजू बघा. शिकागोच्या स्पोर्ट्स इंक. ची फ्रँझाइट नावाची प्लास्टिकची पट्टी असेल तर नाव आतून साच्यातच उमटलेलं असतं.

मग वास. आतली बाजू अंगठ्याने गरम होईपर्यंत घासा आणि लगेच हुंगा. देवघरातल्या कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. त्यात कापूर खरोखरच घालतात. जुन्या कार्बोलिक साबणासारखा आला तर बेकेलाइट. गंधकाचा आला तर कडक रबर, पण ते पांढरं नसतं: काळं असतं आणि उन्हाने शेवाळी-तपकिरी होतं. कोल्ट सिंगल ॲक्शनवरच्या गरुडवाल्या काळ्या पट्ट्या त्या जातीच्या. गरुड साधारण १८९६ पर्यंत, नंतर नुसता घोडा.

सेल्युलॉइड निघालं तर ते डब्यातून आजच बाहेर काढा. कुजताना त्यातून आम्लाची वाफ निघते, शेजारचं लोखंड गंजतं आणि पितळ हिरवं पडतं. भेगांचं जाळं, घामासारखा ओलावा किंवा तिखट वास असेल तर कुजणं सुरू झालंय. कागदात सैल गुंडाळून, हवा लागेल अशा थंड जागी, एकटं ठेवा. हवाबंद पिशवी घातक.

खरा हस्तिदंत निघाला तर विकायच्या आधी कायदा बघा. अमेरिकेत २०१६ पासून आफ्रिकी हत्तीच्या दाताच्या व्यापारावर जवळजवळ बंदी आहे आणि जुनेपणाचा पुरावा तुम्हाला द्यावा लागतो.

जाता जाता: अमेरिकी रिव्हॉल्व्हरवरचं खडबडीत "स्टॅग" पाहिलंत तर ते बऱ्याचदा आपल्याकडचं सांबर. सांबराचं शिंग आतून भरीव, म्हणून पट्टी कापली तरी आतला सच्छिद्र गाभा कमी उघडा पडतो. भारताने शिंगांची निर्यात बंद केल्यावर नकली स्टॅगचा भाव वाढला. नकलीत उजव्या आणि डाव्या पट्टीवरचे खड्डे तंतोतंत जुळतात. निसर्ग अशी झेरॉक्स काढत नाही.

कानस

(ब) साठी. ॲल्युमिनियमचा ओतीव ॲडॉप्टर म्हटला की पहिलं नाव टायलर टी-ग्रिप, ओक्लाहोमा सिटीचे मेल्विन टायलर. आतल्या पोकळीत नाव आणि आकाराचा आकडा आहे का बघा. पण सांभाळून: टी-ग्रिपचं रूप कित्येक दशकांत फारसं बदललं नाही, त्यामुळे नुसत्या तुकड्यावरून दशक सांगणं म्हणजे नाण्यावर पैज. खोकं नाही, कागद नाही, तर "महायुद्धानंतरचा" याहून बारीक तारीख कोणी सांगितली तर ती त्याच्या मनातली.

तारखेपेक्षा इथे बसण्याची परीक्षा महत्त्वाची. कोल्ट आणि स्मिथच्या मुठीच्या पुढच्या कडेची वळणं वेगळी, आणि स्मिथमध्येही जे, के, एन फ्रेम (लहान, मध्यम, मोठा सांगाडा) वेगळ्या, त्यात गोल बुंध्याची आणि चौकोनी बुंध्याची मूठ वेगळी. जाड कागदावर ॲडॉप्टरच्या आतल्या वळणाचा ठसा घ्या, कात्रीने कापा आणि पट्टीच्या पुढच्या कडेला लावून बघा. पट्टीच्या वरपासून स्क्रूपर्यंत उजेड दिसायला नको. वरच्या टोकाशी फट आणि खाली घट्ट असेल तर फ्रेम लहान; मधे फट आणि दोन्ही टोकं टेकली तर ब्रँडच चुकलाय.

मग ॲडॉप्टरच्या धातूच्या पकडपट्ट्या. त्या लाकडाच्या आणि फ्रेमच्या मधे दबतात आणि लाकडाच्या आत कायमची खूण सोडतात: दोन फिकट चौकोन किंवा दबलेली रेघ. ॲडॉप्टरच्या पट्ट्यांतलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, (क) च्या आतल्या खुणांतलं अंतर मोजा. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जुळलं तर तो ॲडॉप्टर किंवा त्याचा जुळा भाऊ त्या लाकडाखाली होता. पकडपट्ट्या वाकवून सरळ करायचा मोह आवरा, जुना धातू दुसऱ्या वाकवण्यात तुटतो.

मोरचूद

आणि (अ) चं रबर बंदुकीवर चढवून वर्षानुवर्षं ठेवू नका. रबरातलं गंधक, हाताचा घाम आणि दमट हवा एकत्र आली की त्याखालचं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा संरक्षक थर) खाल्लं जातं. ॲडॉप्टर काढल्यावर नेमक्या त्याच आकाराचा खड्ड्यांचा नकाशा दिसतो. उलट हा नकाशा कोणाच्या रिव्हॉल्व्हरवर असेल तर तिथे रबरी ॲडॉप्टर होता याचा तो पुरावाच. तांबं-पितळ रबराला टेकून राहिलं तर रबर चिकट होतं. ते म्हातारपण नाही, तांब्याची बाधा आहे.

भेगांवरून वय काढू नका. नैसर्गिक रबर हवेतल्या ओझोनने ताणाच्या आडव्या दिशेला चिरतं, निओप्रीन (कृत्रिम रबर) सहजी चिरत नाही. १९६० चं निओप्रीन १९८० च्या रबरापेक्षा तरुण दिसू शकतं.

स्वच्छता: रबराला सौम्य साबणाचं कोमट पाणी, लगेच पुसून सावलीत वाळवणं. तेल, पेट्रोल, चमक आणणारे फवारे नाहीत. तेलाने रबर फुगतं. पितळेवरचा जंगार बांबूच्या काडीला खनिज तेलाचा थेंब लावून खरवडा. चिंच, लिंबू, पितांबरी यांतलं काहीही नको, पूजेची भांडी नव्हेत ती. आम्ल चेकरिंगच्या खाचेत बसतं आणि पुढच्या पावसाळ्यात वर येतं. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावला तर काळं पडेल.

ओहायोकर

एवढं केलं, निकाल असा.

(अ) खोक्यामागून टॉर्च: चिकटपट्टीखाली "लॉस एंजेलिस १५, कॅलिफ.", वर झिप. आतल्या कागदाच्या यादीत चीफ्स स्पेशल आणि कोब्रा आहेत, पायथन नाही, मॉडेल क्रमांक नाहीत.
(ब) नाव पुसट, आकडा वाचता येत नाही. पकडपट्ट्यांतलं अंतर २१.५ मिमी.
(क) खांदा धारदार. उजवीकडे शिक्का: सी आणि पाच आकडे. आत दोन फिकट खुणा, अंतर २१.५ मिमी. रबरी ॲडॉप्टरचं अंतर १८ मिमी. चेकरिंग, हिरा, आतला रंग तिन्ही जुळतात.
(ड) समांतर रेषा, कापराचा वास.

अक्रोड

मग (क) सरळ आहे. सी आणि पाच आकडे म्हणजे १९४८ किंवा त्यानंतर लगेचचं, धारदार खांदा म्हणजे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीच्या पुढे नाही. जोडी मूळची. १९३० चं दशक बाद. पट्ट्या विकणार असाल तर तो अनुक्रमांक जाहिरातीत लिहा. मूळ रिव्हॉल्व्हर ज्याच्याकडे आहे तो आकडा टाकून शोधत असतो.

मोरचूद

(अ) चा कागद १९५० ते साधारण १९५५ चा, विक्री मात्र १९६३ नंतरची, म्हणजे दुकानात निदान आठ वर्षं पडून राहिलेला कागद. रबर स्वतः यांपैकी कुठल्या टोकाचं ते त्यावरून ठरत नाही. जाहिरातीत "१९५० च्या दशकातला कागद, १९६० च्या दशकातलं खोकं" असंच लिहा.

कानस

२१.५ ला २१.५ मिमी. (ब) चं लग्न (क) शी लागलं. (अ) परका.

कापूरताई

आणि (ड) तर हत्तीचा नाहीच, सेल्युलॉइड आहे. डब्यातून काढलंत ना?

ओहायोकर

काढलं, कागदात गुंडाळून वेगळं ठेवलंय. शेवटचा प्रश्न: (क) भारतात एका संग्राहक नातेवाइकाला टपालाने पाठवता येईल का? लाकूडच तर आहे.

अक्रोड

पाठवू नका. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या "शस्त्र" या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात आणि आयातीला परवाना लागतो. लाकडाची पट्टी त्यात मोडते की नाही हा वाद कस्टमच्या टेबलावर घालायचा नसतो. नातेवाइकाने आधी परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावं, मगच पाकीट बांधा. तोवर त्यांना आतल्या शिक्क्याचा फोटो पाठवा. आडव्या उजेडातला.